जुने बंधन काढायचे, पण जुने काम मोडायचे नाही: प्रोग्रॅमिंग भाषांपुढचा पेच

ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१४ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पायथन वापरणारे अनेक वर्षे जिची वाट पाहत होते अशी एक बातमीही आली. पायथनच्या गाभ्यात १९९० च्या दशकापासून एक कुलूप आहे. एका कार्यालयात दहा कारकून बसवले, पण लेखणी एकच ठेवली, तर एका वेळी एकच जण लिहील आणि बाकीचे नऊ जण हात बांधून बसतील. पायथनचे तसेच होत आले आहे. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये आठ किंवा सोळा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारे भाग, असले, तरी प्रोग्रामच्या निरनिराळ्या धाग्यांपैकी, म्हणजे शेजारी शेजारी चालणाऱ्या कामाच्या प्रवाहांपैकी, एका क्षणी एकालाच पायथनच्या सूचना चालवता येतात. हे कुलूप नसलेली पायथनची बांधणी २०२४ मध्ये प्रयोग म्हणून आली होती आणि ३.१४ पासून तिला अधिकृत मान्यता मिळाली.

बातमीचा पुढचा भाग मात्र सामान्य वाचकाला गोंधळात टाकतो. ही बांधणी वेगळी मागून घ्यावी लागते, आणि काहीच न निवडता पायथन बसवले तर कुलूप असलेलेच पायथन मिळते. इतक्या वर्षांची अडचण दूर करता येत असेल, तर ती सरळ सर्वांसाठी दूर का करत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ पायथनपुरते नाही, कारण दीर्घकाळ टिकलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेला हा पेच कधी ना कधी सोडवावा लागला आहे.

पूर्वसुसंगतता म्हणजे काय?

कालच्या नियमांनुसार लिहिलेला प्रोग्राम भाषेच्या उद्याच्या आवृत्तीतही तोच अर्थ देत राहील, या हमीला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. या लेखात तिला पूर्वसुसंगतता म्हणू.

माणसांच्या भाषेत अशी हमी कोणाला द्यावी लागत नाही. मराठी लेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले आणि अनुच्चारित अनुस्वार गळाले, तरी त्याआधीच्या पुस्तकात ‘घरांत’ किंवा ‘तें’ वाचताना आपण अडखळत नाही, कारण अक्षर वेगळे दिसले तरी मन अर्थ लावून घेते. संगणक असा अर्थ लावून घेत नाही. जे नियमात बसत नाही ते तो नाकारतो, आणि जे बसते ते अक्षरशः तसेच करतो, मग लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो.

त्यामुळे सुसंगतता दोन तऱ्हांनी मोडते. पहिल्या तऱ्हेत नवी आवृत्ती जुना कोड चालवण्यास नकार देते आणि अमुक ओळीत चूक आहे असे सांगते. दुसऱ्या तऱ्हेत प्रोग्राम चालतो, कुठेही तक्रार येत नाही, पण उत्तर बदललेले असते. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागले की उत्तर ३ येई, कारण पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकच असावा असा नियम होता. पायथन ३ मध्ये हेच उत्तर ३.५ येते. नवे उत्तर शाळेतल्या मुलालाही पटेल, पण जुन्या उत्तरावर विसंबून पानांची संख्या किंवा रांगेतली जागा काढणारा प्रोग्राम मुकाट्याने चुकू लागतो. या दोन तऱ्हांना एकाच मापाने मोजणे मला चुकीचे वाटते. नकार मिळाला तर एक दिवस वाया जातो, पण मुकाट चूक महिनोन्‌महिने हिशेबात मुरत राहते.

बंधने येतात कुठून?

आज अडाणी वाटणारी बहुतेक बंधने त्या काळी शहाणपणाची होती. फोरट्रान ही भाषा १९५७ मध्ये आयबीएमने दिली तेव्हा प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहिला जाई. एका कार्डावर ८० स्तंभ असत. त्यांतले पहिले पाच सूचनेच्या क्रमांकासाठी, सहावा मागील ओळ पुढे चालू असल्याची खूण करण्यासाठी आणि सात ते बहात्तर प्रत्यक्ष सूचनेसाठी. बहात्तराच्या पुढे लिहिलेले भाषा वाचतच नसे. कार्डे गेली, पडदे आले, तरी हा नियम टिकला. मोकळी मांडणी अधिकृतपणे आली ती फोरट्रान ९० मध्ये, आणि तेव्हाही जुनी मांडणी चालूच ठेवावी लागली.

सी भाषेतली ‘स्ट्रकॉपी’सारखी स्वर गाळलेली, आखूड नावे पाहून नवशिक्यांना नवल वाटते. १९८९ च्या सी मानकानुसार, वेगवेगळ्या फाइलींत सामाईक असलेल्या नावाची पहिली सहा अक्षरेच वेगळी ओळखली जातील एवढीच हमी होती, कारण त्या काळच्या अनेक यंत्रणांची कुवत तेवढीच होती. १९९९ मध्ये ही मर्यादा ३१ अक्षरांवर गेली. बंधन संपले, पण त्या बंधनात घडलेली नावे राहिली.

यांतले सर्वांत बोलके उदाहरण ‘मेक’ या साधनाचे आहे. मोठ्या प्रोग्रामचे तुकडे योग्य क्रमाने जोडण्याच्या सूचना त्याच्या छोट्याशा भाषेत लिहितात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ते लिहिले आणि काही ओळींच्या सुरुवातीला टॅब हे चिन्हच हवे, असा नियम ठेवला. टॅबऐवजी साध्या मोकळ्या जागा दिल्या तर ओळ हुबेहूब तशीच दिसते, पण चालत नाही. ही अडचण लवकरच लक्षात आली होती. मात्र तोवर डझनभर लोक, बहुतेक त्यांचे मित्रच, हे साधन वापरू लागले होते, आणि त्यांच्या चालू कामात अडथळा नको म्हणून नियम तसाच राहिला. त्या डझनभरांना सांभाळण्याची किंमत नंतरच्या पाच दशकांत असंख्य प्रोग्रामरांनी न दिसणारे एक चिन्ह शोधत बसून मोजली आहे.

या गोष्टीतून कोणी असा निष्कर्ष काढेल की बदल लवकर करावा, वापरणारे थोडे असताना. तो बरोबरच आहे, पण अपुरा आहे, कारण बंधनाचा खरा जाच बहुधा वापरणारे पुष्कळ झाल्यावरच कळतो.

दोष सर्वांना माहीत आहे, मग दुरुस्त का होत नाही?

ब्राउझरमध्ये संकेतस्थळे चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत ‘येथे काहीच नाही’ हे सांगण्यासाठी ‘नल’ असे मूल्य आहे. त्याचा प्रकार विचारला तर भाषा ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू, असे उत्तर देते. हा १९९५ सालच्या पहिल्या घडणीतला दोष आहे. तो सुधारण्याचा प्रस्तावही विचारात घेतला गेला आणि सोडून देण्यात आला, कारण जगभरातल्या संकेतस्थळांवरचा कोड त्या चुकीच्या उत्तराला धरून लिहिला गेला आहे. संकेतस्थळ ज्याने घडवले तो माणूस दहा वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला असू शकतो, आणि ब्राउझर मात्र आपोआप नवा होत राहतो. मग मोडलेले पान दिसते ते अशा वाचकाला, ज्याने यातले काहीच केलेले नाही.

२०१८ मध्ये तर जावास्क्रिप्टला नवी भर घालणेही अवघड गेले. यादीच्या आत असलेल्या याद्या सपाट करण्याच्या सोयीला ‘फ्लॅटन’ हे नाव ठरत आले होते. पण मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने, म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून तयार ठेवलेल्या कोडच्या संचाने, तेच नाव कितीतरी आधी स्वतःसाठी वापरले होते, आणि एका ब्राउझरच्या चाचणी-आवृत्तीत ते आल्यावर जुने संकेतस्थळ बिघडल्याचे दिसले. अखेर नाव ‘फ्लॅट’ असे ठेवण्यात आले. लोक भाषेच्या लेखी नियमांवर तर विसंबतातच, पण तिच्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या प्रत्येक सवयीवरही विसंबतात, हे यातून दिसते. घरातली एखादी भिंत केवळ आडोशाची आहे असे नकाशात लिहिलेले असते, पण राहणाऱ्याने तिच्यावर फळी ठोकलेली असते, आणि भिंत काढणाऱ्याला ती फळी नकाशात सापडत नाही.

पायथनने अकरा वर्षे काय सोसले?

पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले आणि पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधली अकरा वर्षे दोन पायथन शेजारी शेजारी नांदत होते. यातला मुख्य बदल मराठी वाचकाला जवळून पाहता येईल असा आहे.

‘मराठी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. संगणक तो साठवतो तेव्हा म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे मानतो, आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. बाइट म्हणजे साठवणुकीचा एक छोटा कप्पा. पायथन २ च्या साध्या मजकुराला या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर १५ येई, कारण ते कप्पे मोजत असे, अक्षरे नाही. शब्दाचे पहिले चार घटक कापून मागितले, तर एक पूर्ण ‘म’ आणि ‘र’चा एक तृतीयांश तुकडा हाती लागे, जो कोणत्याही लिपीत वाचता येत नाही. इंग्रजी अक्षराला मात्र एकच कप्पा लागतो, म्हणून इंग्रजीत हा दोष कधी दिसतच नसे. प्रोग्राम सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण होई आणि पहिले इंग्रजीबाहेरचे नाव आले की कोसळे. पायथन ३ ने मजकूर आणि कप्पे यांची स्पष्ट फारकत केली, आणि तिथे ‘मराठी’ची लांबी ५ येते. वाचकाला दिसणाऱ्या तीनपर्यंत तीही पोहोचत नाही, पण एकेका चिन्हाच्या मधोमध कात्री चालणे थांबले.

हा बदल करायलाच हवा होता, असे मी ठामपणे म्हणेन. ज्या बंधनाचा जाच इंग्रजीबाहेरच्या माणसालाच होतो, ते बंधन इंग्रजीत काम करणाऱ्या बहुसंख्य प्रोग्रामरांच्या नजरेला येत नाही, आणि ‘फारशी तक्रार नाही’ म्हणून ते जपत राहणे अन्यायाचे ठरते.

चूक झाली ती बदलाच्या पद्धतीत. एकाच प्रोग्राममध्ये काही भाग पायथन २ चा आणि काही ३ चा, असे चालत नसे. कोणताही खरा प्रोग्राम दहा-वीस लायब्रऱ्यांवर उभा असतो आणि त्या लायब्रऱ्या आणखी काहींवर. त्यांतली एक जरी मागे राहिली, तरी सगळ्यांनी थांबायचे. लायब्ररी लिहिणारे म्हणत, वापरणारे अजून जुन्यातच आहेत, आणि वापरणारे म्हणत, लायब्ररी अजून आलेली नाही. शेवटी एकच मजकूर दोन्ही पायथनांत चालेल अशा बेताने लोक लिहू लागले, आणि ते सुकर व्हावे म्हणून काढून टाकलेली एक जुनी खूण २०१२ च्या ३.३ आवृत्तीत परत आणावी लागली. पायथन २ चा शेवटही आधी २०१५ ला ठरला होता, तो पाच वर्षे पुढे ढकलला गेला.

एका पहाटे सगळे बदलून का टाकत नाहीत?

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता देशातली सगळी वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला नेली. ते जमले, कारण रस्ते एका शासनाच्या ताब्यात होते, प्रत्येक वाहनाला चालक होता आणि त्या पहाटे थांबा म्हटल्यावर तो थांबू शकत होता. प्रोग्रामांचे तसे नाही. भाषा घडवणाऱ्यांना त्यांचे वापरकर्ते कोण हे ठाऊक नसते, बऱ्याच प्रोग्रामांना आज कोणी वाली उरलेला नसतो, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो.

जुने आणि नवे एका घरात

पुढच्या भाषांनी यातून घेतलेला धडा मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. बदल केवढा, यापेक्षा बदलाच्या काळात जुना आणि नवा कोड एकत्र काम करू शकतो का, यावर बहुतेक सारे ठरते.

रस्ट या भाषेने ‘एडिशन’ची सोय केली. २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा तिच्या एडिशन आहेत, आणि कोडचा प्रत्येक संच आपण कोणत्या नियमांनी लिहिला आहे हे स्वतःच जाहीर करतो. २०१८ मध्ये ‘असिंक’ हा शब्द भाषेने राखून ठेवला, पण ज्या संचाने २०१५ चे नियम जाहीर केले आहेत तिथे तो साधे नाव म्हणून आजही चालतो. मुख्य म्हणजे दोन वेगळ्या एडिशनचे संच एकाच प्रोग्राममध्ये बिनतक्रार जोडले जातात. कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही.

गो भाषेने २०१२ मध्ये पूर्वसुसंगततेचे वचन दिले होते, तरी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत तिने एका जुन्या नियमाचा अर्थच बदलला. एकच काम पुन्हापुन्हा करताना चालू आकडा जिथे ठेवला जातो, ती जागा पूर्वी सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असे. जणू एकाच पाटीवर दर फेरीला आधीचे पुसून नवे लिहायचे. ‘ही पाटी नंतर पाहा’ म्हणून कोणाला तिचा पत्ता देऊन ठेवला, तर सगळ्यांना शेवटचाच आकडा दिसे. अशाच एका चुकीमुळे २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने संकेतस्थळांना दिलेल्या ३० लाखांहून अधिक सुरक्षा-प्रमाणपत्रांचा प्रश्न उभा राहिला होता. आता दर फेरीला नवी पाटी मिळते, पण ज्या प्रकल्पाच्या फाइलीत १.२२ किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिलेली आहे त्यालाच. जुना आकडा लिहिलेला प्रकल्प नव्या साधनांनीही जुन्याच अर्थाने चालतो.

या मार्गालाही किंमत आहे. भाषेची साधने सांभाळणाऱ्यांना सगळ्या जुन्या नियमांचे ओझे कायम वाहावे लागते, आणि वाचणाऱ्याला आपण कोणत्या नियमांचा कोड वाचत आहोत याचे भान ठेवावे लागते. तरीही हे ओझे थोड्या जाणत्यांच्या खांद्यावर राहते, लाखो अनभिज्ञांवर पडत नाही, म्हणून मला तो सौदा योग्य वाटतो.

जुने कधीच काढू नये, असे आहे का?

तसे मुळीच नाही. सी भाषेत ‘गेट्स’ नावाची एक सोय होती. ती समोरून आलेली ओळ वाचून प्रोग्रामच्या कप्प्यात भरत असे, पण कप्पा केवढा आहे हे तिला सांगण्याची तरतूदच नव्हती. ओळ लांब आली तर मजकूर कप्प्याबाहेर सांडून शेजारच्या स्मृतीत जाई. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने शिरकावासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. ५१२ बाइटच्या कप्प्यात त्याने ५३६ बाइट ओतले. सांडलेल्या भागातून त्याने त्या यंत्राला हवे ते करायला लावले. तरीही ‘गेट्स’ सीच्या मानकातून बाहेर पडायला २०११ उजाडले. ती सुरक्षितपणे वापरण्याचा मार्गच नव्हता, त्यामुळे तिच्यावर विसंबलेला प्रत्येक प्रोग्राम आधीच मोडलेला होता. अशा जागी तेवीस वर्षांचा संयम मला जबाबदारीचा वाटत नाही.

ज्याला नवे नको त्याने जुनी आवृत्ती वापरावी, एवढे सोपे नाही का?

काही काळ ते चालते. पण पाठिंबा संपलेल्या आवृत्तीत उद्या सुरक्षेचे भगदाड सापडले तर ते बुजवायला कोणी नसते. लायब्रऱ्या पुढे निघून जातात, नव्या यंत्रांवर आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर जुनी आवृत्ती बसवणे अवघड होत जाते, आणि तो कोड जाणणारी माणसे कमी होत जातात. जुन्यात राहणे फुकट पडत नाही, त्याचे देणे फक्त पुढे ढकलले जाते.

यंत्राकडूनच जुना कोड नवा करून घेतला तर?

पायथनने असे साधन दिले होते आणि शब्दांची, लिहिण्याच्या ढंगाची अदलाबदल ते चांगली करी. अडचण अर्थाची होती. एखाद्या ओळीत दोन नावांचा भागाकार दिसला, तर लिहिणाऱ्याला पूर्णांक हवा होता की अपूर्णांक, हे त्या ओळीत लिहिलेलेच नसते. मजकूर आणि कप्पे यांचेही तसेच. जुन्या भाषेत तो भेद नव्हता, म्हणून जुन्या कोडमध्ये तो नोंदलेलाही नाही. जे कधी लिहिलेच गेले नाही ते साधनाने कुठून वाचावे? तिथे तो प्रोग्राम कशासाठी आहे हे जाणणारा माणूसच लागतो.

मग पायथनच्या कुलपाचे काय?

कुलपामुळे एकाच वेळी दोन धागे एकच गोष्ट बदलत नसत, आणि सी भाषेत लिहिलेले पायथनचे अनेक जोड-संच या शांततेवर नकळत विसंबले होते. भिंतीवरची फळी ती हीच. शिवाय कुलूप काढल्यावर प्रत्येक वस्तूची स्वतंत्र राखण करावी लागते, त्यामुळे एकाच धाग्यावर चालणारा प्रोग्राम ३.१४ मध्ये साधारण ५ ते १० टक्के मंदावतो. ज्याला अनेक कोअरचा उपयोगच नाही, त्याने ही किंमत का द्यावी, ही हरकत खरी आहे.

येथे रस्टसारखा संचागणिक नियम ठेवता येत नाही, कारण संपूर्ण प्रोग्रामची स्मृती सामाईक असते आणि अर्ध्या घराला कुलूप घालता येत नाही. सॅम ग्रॉस या प्रोग्रामरचा कुलूप काढण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये स्वीकारताना पायथनच्या सुकाणू समितीने पायथन ३ च्या वेळची स्थिती पुन्हा नको, असे स्पष्ट म्हटले होते, आणि योजना त्याच बेताने आखलेली दिसते. प्रत्येक जोड-संच आपण कुलपाविना चालण्यास तयार आहोत असे स्वतः जाहीर करतो. कुलूप नसलेल्या पायथनमध्ये असे जाहीर न केलेला संच आणला, तर पायथन तो नाकारत नाही आणि धोका पत्करून तसाच पुढेही जात नाही. ते इशारा देते आणि त्या प्रोग्रामपुरते कुलूप आपणहून पुन्हा लावून घेते.